कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून मन खचतं का?

तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं गाव. आप्पांचं वय ६१. आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसवला. तेव्हा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १४८ होतं, आता ५४ आहे. हृदयाचे डॉक्टर समाधानी आहेत, पण घरात आप्पा बोलेनासे झालेत. पहाटे तीनला उठून बसतात, भजनाला जाणं सोडलंय, ऊस तोडणीला आला तरी शेताकडे फिरकत नाहीत, नातवंडांवर खेकसतात. त्यातच मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो आणि ते उतरवलं की माणूस जिवाचं बरंवाईट करतो. म्हणून दोन आठवड्यांपासून तुम्ही त्यांची रात्रीची गोळी बंद केली आहे आणि ती कायमची बंद ठेवावी का, असं विचारता. शिवाय मावशीचं उलटं आहे. तिला कित्येक वर्षं मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत आणि तिचं कोलेस्टेरॉल वाढतच चाललंय.

आधी तातडीचं बोलतो. बंद केलेल्या गोळीचं पाकीट हातात घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. स्टेंट बसवलेल्या बऱ्याच रुग्णांना आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधं देतात: ॲटोरव्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. घरात तिला ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतात, पण पहिलं वर्षभर स्टेंट उघडा ठेवण्याचं काम त्यातली दुसरी दोन औषधं करतात. तुम्ही बंद केलेली गोळी ही असेल तर हे वाचून होण्याआधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झाली तर ती तास-दोन तासांत जीव घेऊ शकते. नुसतं ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असेल तर तितकी घाई नाही, पण तीही आज रात्रीपासून सुरू करा. का, ते सांगतो.

ही भीती कुणाच्या डोक्यातून हवेत उडालेली नाही. तिला एक इतिहास आहे. १९९० मध्ये ब्रिटनच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मुल्डून आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या सहा चाचण्या, त्यात सुमारे २५ हजार पुरुष. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होत होते, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसेने होणारे मृत्यू औषध घेणाऱ्या गटात थोडे जास्त दिसले, आणि बेरीज केली तर एकूण मृत्यूंत फरक पडत नव्हता. दोनच वर्षांनी एंगेलबर्ग यांनी एक तर्क मांडला: रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी झालं की पेशींच्या आवरणाचा पोत बदलतो, सिरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन नीट पकडलं जात नाही, म्हणून माणूस आवेगी होतो. तर्क सुबक होता आणि वर्तमानपत्रांना आवडला. तुमच्या मोबाइलवर आलेला मजकूर त्याचंच उष्टं आहे.

नंतर काय झालं, ते मात्र अशा संदेशांत कधी येत नाही. त्या जुन्या चाचण्यांत आजची औषधं नव्हतीच. क्लोफायब्रेट, जेमफायब्रोझिल, कोलेस्टिरामिन, नाहीतर नुसता आहार, असे ते उपाय होते. हिंसक मृत्यूंचा आकडा मुळात लहान होता. दोन मोठ्या चाचण्यांतले असे मृत्यू एकेक करून तपासले, तेव्हा त्यातल्या काहींनी औषध केव्हाच सोडलेलं होतं आणि काहींना आधीपासून मानसिक आजार किंवा दारूचा त्रास होता. मग १९८७ पासून स्टॅटिन गटाची औषधं बाजारात आली; ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही त्यातलीच. १९९४ ची स्कँडिनेव्हियातली चाचणी ४,४४४ हृदयरुग्णांवर, सरासरी पाच वर्षांहून जास्त काळ चालली. एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, आणि आत्महत्या व हिंसक मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. २००१ मध्ये खुद्द मुल्डून यांच्याच गटाने १९ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा मूळची भीती टिकली नाही. संशोधकाने आपणच वाजवलेली धोक्याची घंटा स्वतः तपासून उतरवून ठेवणं मला फार आवडतं. पण अकरा वर्षांपूर्वीची घंटा ज्यांनी ऐकली, त्यांच्यातल्या किती जणांनी ही दुसरी बातमी वाचली असेल?

स्वीडनमधला एक अभ्यास मला सगळ्यांत पटतो, कारण त्याची रीत साधी आहे. २००६ ते २०१३ या काळात स्टॅटिन घेणारे साडेअकरा लाखांच्या आसपास लोक त्यांनी पाहिले आणि एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी त्याच माणसाचे गोळी चालू असलेले दिवस आणि बंद असलेले दिवस ताडून पाहिले. आत्महत्येच्या वाटेवर जाण्याचं प्रमाण दोन्ही काळांत सारखं. नैराश्याचं निदान गोळी चालू असताना थोडं कमीच, साधारण नऊ टक्क्यांनी. यावरून स्टॅटिन हे मनाचं औषध आहे असं कुणी म्हणू नये. नैराश्य हटत नसलेल्या रुग्णांना पाकिस्तानात मूळ उपचारांच्या जोडीला सिम्व्हास्टॅटिन देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला की खोट्या गोळीपेक्षा त्याने जास्त फायदा होत नाही.

आता ‘मेंदू कोलेस्टेरॉलचा बनलेला’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त पसरतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातलं जवळपास पाचव्या हिश्श्याहून जास्त कोलेस्टेरॉल तिथे असतं. बहुतेक मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की सिरोटोनिन पकडणारा पेशीवरचा एक विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर), सिरोटोनिन-१ए, नीट चालण्यासाठी पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल लागतं. हे पक्कं विज्ञान आहे. पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच्या स्वयंपाकघरात शिजवतो, बाजारातून आणत नाही. रक्तातलं एलडीएल रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडून आत जातच नाही. म्हणून लॅबच्या कागदावरचा ५४ हा आकडा आप्पांच्या यकृताची आणि रक्ताची हकिगत सांगतो, मेंदूतल्या साठ्याची नव्हे. नवजात बाळाचं एलडीएल ३० च्या आसपास असतं आणि त्याचा मेंदू आयुष्यातल्या सगळ्यांत वेगाने वाढत असतो. नव्या इंजेक्शनांनी ज्यांचं एलडीएल २५ च्याही खाली गेलं, अशा लोकांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती २०१७ च्या एका चाचणीत मुद्दाम मोजली. फरक आढळला नाही.

मग स्टॅटिनने मनावर काहीच परिणाम होत नाही का? इतकं ठाम मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या औषध नियामकांनी या औषधांच्या माहितीपत्रकात झोपेच्या तक्रारी आणि नैराश्य यांचा उल्लेख करायला लावला आहे; अमेरिकेतल्या नियामकांनी २०१२ मध्ये विसरभोळेपणाची नोंद घालायला लावली, ती सौम्य आणि गोळी थांबवल्यावर जाणारी अशा शब्दांत. अधूनमधून एखादा रुग्ण सांगतो की गोळी सुरू झाल्यापासून विचित्र स्वप्नं पडतात, चिडचिड होते. अशा वेळी मी वाद घालत नाही, औषध बदलतो. ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन चरबीत विरघळणारी, रोसुव्हास्टॅटिन पाण्यात विरघळणारं. काहींना या बदलाने बरं वाटतं. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवीत असंही नाही. त्यांचा परिणाम दिवसभर टिकतो, सकाळी न्याहारीनंतर घेतली तरी चालतात. झोपेची तक्रार असेल तर आधी एवढंच करून बघावं. तुमच्या आप्पांना मात्र इतक्यात पूर्ण सुट्टी देऊन बघण्याचा प्रयोग मी करणार नाही, स्टेंट ताजा आहे.

आणि गोळीवर आळ घेण्याआधी हेही ऐका. २०२० मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशा ६० लोकांना घेतलं ज्यांनी त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलं होतं. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. खरी गोळी घेताना जितका त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के त्रास खोटी गोळी घेतानाही झाला. लोक ढोंग करत नव्हते, त्रास खराच होता. तो गोळी घेतो आहोत या धास्तीतून येत होता. मोबाइलवरचा तो मजकूर आप्पांनी स्वतः वाचलाय का, हे मला म्हणूनच विचारावंसं वाटतं.

कोलेस्टेरॉल कमी असलेल्या लोकांत नैराश्य जास्त सापडतं, अशा नोंदी मात्र आहेत आणि त्या खोट्या नाहीत. पण बैल कुठला आणि गाडी कुठली हे बघायला हवं. ज्याला करमेना झालंय, जेवण जाईना झालंय, त्याचं वजन उतरतं आणि वजनासोबत कोलेस्टेरॉलही उतरतं. क्षयरोग, यकृताचा आजार, आत कुठेतरी वाढणारी गाठ, अति काम करणारी थायरॉईड, हेही कोलेस्टेरॉल खाली आणतात आणि माणसाला मलूलही करतात. गोळीच्या मानाने एलडीएल फारच खाली गेलं असेल, वजन पाच-सहा किलोंनी घटलं असेल, संध्याकाळी कसर येत असेल तर मी मनाच्या डॉक्टरांकडे पाठवण्याआधी छातीचा फोटो काढायला सांगेन. तुम्ही आप्पांच्या वजनाबद्दल काही लिहिलेलं नाही. काटा शोधा आणि अटॅक आला त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावरच्या वजनाशी ताडून बघा.

उलट बाजूचा एक आजार आपल्याकडे फार सुटतो: कमी काम करणारी थायरॉईड. त्यात कोलेस्टेरॉल चढतं आणि मनही खाली जातं. माणूस सुस्त, थंडी वाजते, बद्धकोष्ठ, बोलणं जड, सारखं झोपावंसं वाटतं. अशा रुग्णाला एका ठिकाणी कोलेस्टेरॉलची गोळी मिळते, दुसरीकडे नैराश्याची, आणि टीएसएच ही थायरॉईडची एक साधी तपासणी कुणीच सांगत नाही. थायरॉक्सिन सुरू केलं की दोन्ही सुधारतात. त्यात आणखी एक मेख आहे. थायरॉईड कमी असताना स्टॅटिन दिलं तर स्नायूंचं दुखणं जास्त होतं, मग गोळी सोडली जाते आणि बदनामही होते.

तिसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्व. वारीला जाणारं, माळ घातलेलं घर असेल, अंडंसुद्धा वर्ज्य असेल, दूध बेताचंच असेल आणि सोबत साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ कमी होणं ठरलेलंच. पायाला मुंग्या, चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी. इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून निघतं, स्वस्तात. आप्पा माळकरी आहेत की नाहीत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण भजनाला जायचे म्हणता, म्हणून सांगितलं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या आपल्या भागाची एक खास अडचण इथे आठवते. रुग्ण खानापूरच्या डॉक्टरांकडे जातो, तिथून बेळगावला येतो, एखादा पाहुणा कोल्हापूरला घेऊन जातो. योजनेचं कार्ड एका राज्याचं, रेशनकार्ड दुसऱ्या राज्यातलं, फाइल तीन ठिकाणी. प्रत्येक जण आपापल्या ब्रँडची गोळी लिहितो. मी पिशवी उघडायला सांगतो, तेव्हा त्यातून ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दोन्ही निघतात आणि रुग्ण ती दोन्ही इमानदारीने घेत असतो. सोबत नाडी मंद करणाऱ्या दोन बीटा ब्लॉकर गोळ्या, म्हणजे नाडी पन्नाशीत आणि माणूस दिवसभर गळालेला. घरचे म्हणतात मन खचलंय. ब्रँडचं नाव सोडा, पाकिटावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. एकच नाव दोन पाकिटांवर आलं, किंवा ‘स्टॅटिन’ने संपणारी दोन नावं आली, तर विचारा.

हे सगळं तपासून झालं आणि काही सापडलं नाही, तर जे उरतं तेच बहुतेक आप्पांचं दुखणं आहे, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं: अटॅकनंतर आलेलं नैराश्य. हे क्वचित होणारं नाही. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला ते होतं. आपल्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचं प्रमाण वीसात एक इतकं निघालं होतं, त्या तुलनेत पाहा. पहाटे ठरावीक वेळी जाग येणं, सकाळी जास्त जड वाटून संध्याकाळी जरा हलकं होणं, आवडीच्या गोष्टीतली गोडी जाणं, ही त्याची खूण. आणि पुरुष रडत नाहीत, खेकसतात. त्यामुळे घरात त्याचं नाव ‘आजार’ न पडता ‘स्वभाव बिघडला’ असं पडतं.

आठ महिन्यांत त्यांच्यावर काय काय आलं याचा विचार करा. जवळचा पैसा दवाखान्यात गेला असेल. वजन उचलू नका असं सांगितल्यावर शेतकऱ्याने शेतात जाऊन करायचं काय? गडी लावून केलेली शेती बांधावर बसून बघणं त्यांना सोसत नसेल. रात्री छातीत जरा खुट्ट झालं की दुसरा अटॅक आला असं वाटत असेल. आणि एक गोष्ट या वयाचे पुरुष मुलाजवळ बोलणार नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत: बायकोजवळ जाणं चालेल का? दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर साधारणपणे चालतं. हे वाक्य त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून, तुम्ही बाहेर बसलेले असताना, त्यांच्या कानावर पडलं तर बरं.

नैराश्याचा हृदयाशी संबंध इथे येतो, आणि मोबाइलवरचा संदेश तो नेमका उलटा सांगतो. अटॅकनंतर नैराश्य असलेल्यांत पुढे दगावण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये नैराश्याला अटॅकनंतरचा धोक्याचा घटक मानावं असं सांगितलं. कारणं बरीच आहेत: ताणाची संप्रेरकं, चिकट झालेल्या रक्तकणिका, पण मला रोज दिसणारं कारण साधं आहे. मन खचलेला माणूस गोळ्या घेत नाही, चालायला जात नाही, पथ्य पाळत नाही, आणि हात तंबाखूकडे जातो. निपाणीचा पट्टा आपल्या शेजारी, बायकांत मिश्री, पुरुषांत विडी आणि मळलेली तंबाखू. सोडलेली तंबाखू अशा वेळीच परत येते. संध्याकाळी थोडी घेतली की झोप येते म्हणून दारू सुरू होते, तिने ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चढते आणि नैराश्य आणखी खोल जातं.

उपचार आहेत आणि ते हृदयाला चालणारे आहेत. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध अटॅकनंतरच्या रुग्णांत मुद्दाम तपासून पाहिलं गेलं, २००२ मध्ये ते सुरक्षित ठरलं. एसिटालोप्रामही देतात, आधी ईसीजी बघून. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि सर्ट्रालिन एकत्र असलं तर पोटात रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून सोबत ॲसिडिटीची गोळी लागते. ती पॅन्टोप्राझोल असावी, कारण ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचं काम कमी करतं. उतारवयात पहिल्या काही आठवड्यांत सोडियम तपासायचं. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या अटॅकनंतर टाळाव्यात, ‘झोपेला चांगली आहे’ म्हणून त्या अजून सर्रास लिहिल्या जातात. आणि अल्प्राझोलाम ही गुंगीची गोळी कृपा करून ओळखीच्या दुकानातून आणू नका. रात्र निभते, महिन्याभरात सवय लागते, नैराश्य जागच्या जागी. खऱ्या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने घ्यावं लागतं. या उपचारांनी मनाला आराम पडतो, हे चाचण्यांत स्पष्ट दिसतं. आयुष्य वाढतं की नाही याचं उत्तर तितकं सरळ आलेलं नाही. मला मनाला आराम पडणं एवढं कारण पुरेसं वाटतं.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन यायचं म्हणत असतील तर जरूर जाऊन या. फक्त गोळ्यांचा डबा सोबत न्या.

आता जे विचारायला जीभ रेटत नाही, ते विचाराच. ‘आप्पा, जगण्यात काही राम नाही असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ते गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा. उत्तर काहीही येवो, शेतघरातलं तणनाशक आणि कीटकनाशक आजच हलवा. आमच्या जिल्ह्यात डबा गोठ्यात किंवा माळ्यावरच असतो आणि निर्णय एका क्षणाचा असतो. शेजारच्या शेतकऱ्याकडे कुलपात ठेवा, किंवा लागेल तेवढंच विकत आणा. आत्महत्या रोखण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणून विषारी औषधं हाताशी न ठेवण्याकडेच जगभरचे अभ्यास बोट दाखवतात. ज्या कोलेस्टेरॉलच्या गोळीपायी तुम्ही इतके घाबरलात, तिच्यापेक्षा गोठ्यातल्या त्या डब्याची भीती धरा.

कुठे जायचं? बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केएलईच्या रुग्णालयातही आहे. धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय बेळगावहून ऐंशी किलोमीटरच्या आतबाहेर. तालुका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते आशाताईंना विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची देशभरची घडण आपल्याच कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून झाली, तेव्हा ही सोय मागताना संकोच नको. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, भाषा निवडता येते. भाषेवरून आठवलं: आप्पांना कन्नड बाजारहाटापुरतं येत असेल, पण ‘जीव घाबराघुबरा होतो’ हे तुटक्या कन्नडमध्ये सांगायला लावू नका. मराठी जाणणारे डॉक्टर मागून घ्या, किंवा दोन्ही भाषा येणारं कुणीतरी सोबत न्या. फक्त ती घरची सूनबाई किंवा नातू नको, त्यांच्यासमोर आप्पा खरं बोलणार नाहीत. भजनी मंडळातला एखादा जोडीदार चालेल.

खाण्याबद्दल मी फार लिहीत नाही, कारण कोलेस्टेरॉलवरची चर्चा नेहमी खाण्यावरच येऊन अडकते. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी यांनी कुणाचं काही बिघडत नाही; वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे शेंगतेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ हे लेबल दुकानदारी आहे. बिघडवतात ती वारंवार उकळलेल्या तेलातली भजी आणि डालडा. आपल्या बेळगावी कुंद्याचा, त्या दुधाच्या मिठाईचा, एक चमचा सणाला खाल्ला म्हणून स्टेंट बंद पडत नाही. नैराश्यातल्या माणसाच्या ताटातून चवीचं सगळं काढून घेतलं की तो उरलेलंही जेवत नाही, हे मी घराघरांत पाहतो. जेवणापेक्षा चालण्यावर जोर द्या. आठवड्याला १५० मिनिटं, सोबतीला कुणीतरी घेऊन. आप्पांना शेताच्या बांधापर्यंत रोज चालत न्या, काम करायला लावू नका.

राहिली मावशी. तिच्यात संबंध उलट दिशेने धावतो, आणि तिथे तो खरोखर भक्कम आहे. ओलान्झापिन, क्लोझापिन, काही प्रमाणात क्वेटियापिन, ही मानसिक आजारावरची औषधं भूक आणि वजन वाढवतात, ट्रायग्लिसराइड आणि साखर चढवतात. मिर्टाझापिनही त्याच वाटेचं. लिथियम चालू असेल तर ते थायरॉईड मंद करतं आणि त्या आडवाटेने कोलेस्टेरॉल चढतं. दीर्घ मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. त्यांच्या मनाकडे सगळे बघतात, छातीकडे कुणी बघत नाही. छातीत दुखतं म्हणाली तर ‘तिच्या डोक्यातलं आहे’ असं म्हणून सोडून देतात.

तिच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. आजार उलटला तर तो पहिल्यापेक्षा जड जातो. अशी औषधं सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि लिपिड (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड वगैरे रक्तातली चरबी) तपासायचं, मग तीन महिन्यांनी, मग दरवर्षी. तिचं शेवटचं लिपिड कधी झालं ते शोधा, उपाशीपोटी पुन्हा करा, सोबत टीएसएच आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी घ्या. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग तिच्या मनोविकारतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा: ॲरिपिप्राझोलसारखं वजन न वाढवणारं औषध चालेल का, मेटफॉर्मिनचा उपयोग होईल का, आणि स्टॅटिन सुरू करायचं का. मानसिक आजाराच्या गोळ्यांसोबत स्टॅटिन चालतं. मध्येच कुणी खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं तर मात्र आधी सांगा की स्टॅटिन चालू आहे.

भेटायला याल तेव्हा दोघांच्याही सगळ्या गोळ्या, रिकामी पाकिटं धरून, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत आणा, आणि आप्पांची अटॅकच्या वेळची फाइल. टीएसएच, बी-१२, सोडियम, सीबीसी, लिव्हर आणि साखर एवढ्या तपासण्या येण्याआधीच करून ठेवल्यात तर एक खेप वाचेल.